बाटली तपासणं हे आईचं काम नव्हे

प्रति,
माननीय आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

बारशाला येणाऱ्या भेटींमध्ये हल्ली एक खोकं ठरलेलं असतं. आत दुधाची बाटली, तोटीचा पेला, वाटी-चमचा, खुळखुळा आणि हिरड्या शिवशिवू लागल्या की चावायला द्यायचं कडं, सगळं प्लास्टिकचं. खोक्यावर हिरव्या पानाच्या चित्राशेजारी ‘बीपीए फ्री’ असं छापलेलं असतं. ते वाचून घरातली माणसं निश्चिंत होतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वस्तूवर छापलेल्या शब्दावर विश्वासच ठेवायचा नाही म्हटलं तर बाजारहाट करणंच अशक्य होईल. पण तो शब्द कोणी तपासला, तो कशाबद्दल बोलतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हे विचारण्याची जबाबदारी बाळाच्या आईची नाही, ती आपल्या कार्यालयाची आहे. गेली काही वर्षं हा भार हळूहळू आईच्या अंगावर सरकत गेला आहे. तळाशी कोरलेल्या त्रिकोणातला आकडा बघा, 3 आणि 7 टाळा, वास आला तर वापरू नका, असे सल्ले तिला चहूकडून मिळतात. तो त्रिकोण 1988 साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने भंगाराची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून काढला. बाळाच्या पोटात काय उतरेल, हे सांगण्यासाठी तो नव्हताच. 7 या आकड्याचा अर्थ ‘इतर सर्व’ एवढाच आहे. त्यात पॉलिकार्बोनेटही येतं आणि मक्याच्या स्टार्चपासून बनवलेलं प्लास्टिकही येतं. अशा खुणेच्या भरवशावर आईला सोडून देणं म्हणजे तिला काहीच न सांगण्यासारखं आहे.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए. हा पदार्थ पहिल्यांदा 1891 साली तयार झाला. 1930च्या दशकात लंडनमधले शास्त्रज्ञ एडवर्ड चार्ल्स डॉड्स कृत्रिम स्त्री-संप्रेरक शोधत होते. बिस्फेनॉल ए शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं, हे 1936 सालीच त्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. औषध म्हणून मात्र त्याच्याहून कितीतरी जोरकस असं डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल पुढे आलं. ते 1938 साली तयार झालं आणि नंतर अनेक वर्षं गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींना दिलं गेलं. 1971 साली त्याचा भयंकर परिणाम उघड झाला, आणि तोही औषध घेतलेल्या बायकांच्या मुलींमध्ये, त्या तरुण झाल्यावर. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या पदार्थाचा हिशेब कधी कधी पुढच्या पिढीत चुकता होतो, हे वैद्यकशास्त्र तेव्हा फार मोठी किंमत मोजून शिकलं. बिस्फेनॉल ए औषधांच्या कपाटात गेलं नाही, पण 1950च्या दशकात ते दुसऱ्या दाराने घरात आलं. त्याचे रेणू एकमेकांना जोडले की काचेसारखं पारदर्शक आणि पडलं तरी न फुटणारं पॉलिकार्बोनेट तयार होतं. बाळाच्या बाटलीसाठी याहून सोयीचं काय असणार? अडचण एकच होती. ही जोडणी उष्णतेने आणि क्षारयुक्त साबणाने हळूहळू सुटते आणि सुटे झालेले रेणू आतल्या दुधात उतरतात. आणि बाळाची बाटली ही तर घरातली सर्वांत जास्त उकळली जाणारी, साबणाने घासली जाणारी वस्तू.

हे सुटणं किती खरं आहे, ते एका प्रयोगशाळेतल्या चुकीने दाखवलं. 1998 साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात पॅट्रिशिया हंट या संशोधिका उंदरांच्या अंडपेशींचा अभ्यास करत होत्या. ज्या उंदरांवर कोणताही प्रयोग चालू नव्हता, केवळ तुलनेसाठी ज्यांना निरोगी ठेवलं होतं, त्यांच्याच अंडपेशींत गुणसूत्रांचे दोष एकाएकी वाढलेले दिसले. शोध घेता घेता कारण सापडलं ते पिंजऱ्यांत. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र क्षारयुक्त साबणाने धुतल्या गेल्या होत्या, आणि झिजलेल्या प्लास्टिकमधून बिस्फेनॉल ए उंदरांच्या शरीरात जात होतं. हे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. पुढे अनेक प्रयोगशाळांनी बिस्फेनॉल ए नसलेले पिंजरे आणले. आणि साधारण वीस वर्षांनी हंट यांच्याच प्रयोगशाळेत पुन्हा तोच प्रकार घडला. या वेळी पिंजरे वेगळ्या प्लास्टिकचे होते आणि झिजलेल्या भागातून बाहेर पडत होतं बिस्फेनॉल एस, म्हणजे बिस्फेनॉल एच्या जागी आलेलं त्याचंच भावंड. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बदली म्हणून आलेल्या बिस्फेनॉलांनीही उंदरांच्या बीजपेशींवर तसाच परिणाम केल्याचं आढळलं. त्याआधी 2015 साली एका आढावा-निबंधाने उपलब्ध अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की बिस्फेनॉल एस आणि एफ यांची संप्रेरकांसारखं वागण्याची ताकद बिस्फेनॉल एच्या जवळपासच आहे.

‘बीपीए फ्री’ या शब्दांबद्दलची माझी तक्रार इथून सुरू होते. ते शब्द खोटे असतीलच असं नाही. पण ते एका रेणूबद्दल बोलतात आणि बाळाचा संबंध येतो तो साऱ्या गोतावळ्याशी. एका नावावर बंदी आली की उद्योग रचनेत जरासा फरक असलेला दुसरा पदार्थ उचलतो, त्यावर अभ्यास व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि तेवढ्या काळात बाळांची एक अख्खी पिढी त्या बाटलीतून दूध पिऊन शाळेत पोचलेली असते. 2011 साली अमेरिकेत बाजारातल्या प्लास्टिकच्या शेकडो वस्तू तपासणाऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की जवळजवळ सगळ्याच वस्तूंमधून इस्ट्रोजेनसारखं काम करणारं काही ना काही पाझरत होतं, आणि ‘बीपीए फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूही त्याला अपवाद नव्हत्या.

बाळाची गोष्ट मोठ्यांपेक्षा वेगळी का, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको, पण या पत्राच्या वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या कितीतरी पट दूध-पाणी पितं, आणि बाटलीवर असेल तर त्याचं जवळजवळ सगळं अन्न एकाच भांड्यातून येतं. असे पदार्थ निष्प्रभ करून लघवीवाटे बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा पहिल्या काही महिन्यांत पुरती तयार नसते. शिवाय मेंदू, जननेंद्रियं आणि थायरॉइडचं काम याच काळात आकार घेत असतं, आणि या घडणीला दिशा देणारे संदेश संप्रेरकांचेच असतात. मोठ्यांच्या शरीरात हा बिघाड तात्पुरता ठरू शकेल. घडत्या शरीरात तो घडणीचाच भाग होऊन बसण्याची भीती असते.

जगभरच्या नियामकांनी हे ओळखायला वेळ लावला, पण ओळखलं. कॅनडाने 2008 साली पॉलिकार्बोनेटच्या बाळाच्या बाटल्यांवर बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. युरोपीय संघात 2011च्या मार्चपासून अशा बाटल्यांचं उत्पादन आणि जूनपासून विक्री थांबली. अमेरिकेने 2012 साली बाटल्या आणि तोटीचे पेले या दोन्हींमधला बिस्फेनॉल एचा वापर नियमांतून काढून टाकला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने बाळाच्या प्लास्टिक बाटल्यांच्या 2015च्या मानकात, म्हणजे आय. एस. 14625 मध्ये, बिस्फेनॉल ए असलेल्या पॉलिकार्बोनेटला मज्जाव केला. कागदावर आपण फार मागे नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. किंबहुना एका बाबतीत आपला कायदा पुष्कळ देशांच्या पुढे आहे. 1992चा शिशु दुग्धपर्याय, दूध-बाटल्या व शिशुआहारविषयक कायदा, 2003च्या दुरुस्तीसह, बाटलीच्या जाहिरातीला सरसकट मनाई करतो आणि मानक चिन्हाच्या अटीत न बसणारी बाटली विकूच देत नाही. अन्न निरीक्षकांना आणि राज्य सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना झडतीचे व जप्तीचे अधिकार याच कायद्याने दिले आहेत. म्हणजे हत्यार आपल्या हातात आहे, आणि ते बाहेर काढण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

मग कमी काय पडतं? 2019 साली दिल्लीच्या ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेने वेगवेगळ्या राज्यांतल्या बाजारांमधून बाळाच्या बाटल्या आणि तोटीचे पेले विकत घेतले आणि आय.आय.टी. गुवाहाटीत ते तपासून घेतले. मानक येऊन चार वर्षं झाली होती, तरी नमुन्यांमध्ये बिस्फेनॉल ए सापडलं. प्रमाण सूक्ष्म होतं, हे खरंच आहे. पण जो पदार्थ त्या वस्तूत असायलाच नको होता त्याच्याबद्दल हे चाललं आहे, आणि त्याचा शोध सरकारी यंत्रणेने न घेता एका स्वयंसेवी संस्थेने घेतला. कायदा आहे, चिन्ह आहे, शब्द छापलेला आहे आणि तपासणी मात्र नाही, अशा ठिकाणी शब्दाला किंमत कुठून येणार? त्यातही कायद्याचं सगळं लक्ष बाटलीवर आहे. सहा महिन्यांनंतर उष्टावण झालं की बाळाचं जेवण पेल्यात, ताटलीत आणि चमच्यात जातं. गरम वरण-भात, नाचणीची पेज, तूप घातलेली खिमटी हे सगळं प्लास्टिकमध्ये वाढलं जातं, आणि या वस्तू ‘दूध पाजण्याचं भांडं’ या व्याख्येत ओढूनताणूनच बसवाव्या लागतात. बाटलीला लावलेली शिस्त वाटीपाशी सुटते, तीही नेमकी बाळाच्या आहारात उष्णता आणि स्निग्धता दोन्ही वाढत असताना.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की प्रमाण इतकं नगण्य आहे की भिण्याचं कारण नाही. विष मात्रेवर ठरतं हे खरंच, आणि प्लास्टिक म्हटलं की घाबरून जाणाऱ्या लिखाणाचा मलाही कंटाळा आहे. पण सुरक्षित मात्रा किती, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत कोणत्या दिशेने सरकलं आहे ते पाहावं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2015 साली शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला 4 मायक्रोग्रॅम बिस्फेनॉल ए ही तात्पुरती मर्यादा ठरवली होती. 2023 साली त्याच प्राधिकरणाने ती 0.2 नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पट खाली. हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केला नाही. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने आपली स्वतंत्र मर्यादा 200 नॅनोग्रॅम धरली, आणि युरोपच्या औषध प्राधिकरणानेही पद्धतीबद्दल मतभेद नोंदवला. शास्त्रात असे मतभेद असावेत, त्यांना लपवण्याचं कारण नाही. पण ज्यांनी विरोध केला त्या जर्मन संस्थेची मर्यादासुद्धा 2015च्या आकड्यापेक्षा वीस पट कडक आहे. वाद आहे तो किती खाली उतरायचं याबद्दल. उतरायला हवं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. म्हणूनच डिसेंबर 2024 मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंमध्ये बिस्फेनॉल एवर बंदी घातली, आणि ती घालताना आरोग्याला घातक म्हणून वर्गीकृत झालेले इतर बिस्फेनॉलही तिच्या कक्षेत घेतले. एका रेणूमागे धावण्याऐवजी सगळ्या कुळाकडे पाहण्याची ही सुरुवात आहे, आणि आपणही तीच वाट धरावी असं माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप उद्योगाकडून येतो. आता बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या आहेत, त्यात बिस्फेनॉल लागतच नाही, मग हा विषय जुना झाला, असं सांगितलं जातं. पॉलिप्रॉपिलीन हे पॉलिकार्बोनेटपेक्षा चांगलं, हे मीही मानतो. तरी विषय संपत नाही. आयर्लंडच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2020 साली पॉलिप्रॉपिलीनच्या दहा प्रकारच्या बाटल्या घेऊन त्यात दूध-पावडर कालवण्याची नेहमीची रीत जशीच्या तशी करून पाहिली. एका लिटरमागे प्लास्टिकचे कण 13 लाखांपासून 1 कोटी 62 लाखांपर्यंत निघाले. पाणी 25 अंश सेल्सियसला असताना लिटरमागे सुमारे 6 लाख कण सुटत होते, 95 अंशांना तोच आकडा साडेपाच कोटींवर गेला. हे कण बाळाच्या शरीरात जाऊन नेमकं काय करतात, याचा दावा संशोधकांनी केला नाही, मीही करणार नाही. पण उष्णतेने काय होतं हे या दोन आकड्यांतून लख्ख दिसतं. प्लास्टिक कुठलंही असो, त्याला उकळतं पाणी लागलं की ते आपल्यातलं काहीतरी सोडतं.

इथे एक पेच उभा राहतो, आणि प्लास्टिकविरोधी सल्ले देणारे बहुतेक लोक तो टाळून पुढे जातात. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातले जंतू नवजात बाळाच्या जिवावर उठू शकतात, म्हणून ती किमान 70 अंश तापमानाच्या पाण्यात कालवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटली उकळून घेणंही तितकंच आवश्यक आहे. म्हणजे जंतूंसाठी उष्णता हवी आणि प्लास्टिकसाठी ती नको. घाबरलेल्या आईने यातलं जंतूंचं टोक सोडलं, कोमट पाण्यात पावडर कालवली, तर रसायनांचा दूरचा धोका टाळताना तिने हगवणीचा आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाचा अगदी जवळचा धोका ओढवून घेतला. असं होता कामा नये. सुटका सोपी आहे, आणि त्या आयरिश संशोधकांनीही ती सुचवली आहे. पाणी उकळायचं आणि पावडर कालवायची ती स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. दूध अंगाला सोसेल इतकं निवलं की मग ते बाटलीत ओतायचं. उकळून काढलेली बाटली गार झाल्यावर, उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळायची. बाटलीत दूध पुन्हा गरम करायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. चरे पडलेली, धुरकट झालेली, थोरल्या भावंडाची म्हणून जपून ठेवलेली बाटली धाकट्यासाठी काढायची नाही. एवढं सांगायला पाच वाक्यं पुरतात. पण ती पाच वाक्यं बाटलीच्या खोक्यावर मराठीत छापलेली नसतात, आणि प्रसूतिगृहातून घरी जाताना हातात मिळणाऱ्या कागदावर सहसा आढळत नाहीत.

तिसरा आक्षेप गरिबीचा. स्टीलची किंवा चांगल्या काचेची बाटली महाग पडते, मग हे सगळं सुखवस्तू घरांचं कौतुक नाही का? मला उलट वाटतं. ज्या घरात पैसे आहेत तिथे आई वाचून, विचारून, चार बाटल्या बदलून पाहते. आठवडी बाजारातून पन्नास-साठ रुपयांची बाटली घेणाऱ्या घराला निवडीची संधीच नसते. तिथे बाळाची राखण करू शकते ती फक्त बाजाराच्या दारावरची तपासणी. आणि खरं सांगायचं तर सर्वांत स्वस्त उपाय बाजारात जाऊन आणावाही लागत नाही. अंगावरचं दूध हे तर पहिलं. आईच्या दुधातही या रसायनांचे अंश सापडतात, हे ऐकून काही जणी धास्तावतात. त्यांना स्पष्ट सांगायला हवं की त्या अंशांमुळे आईच्या दुधाचा लाभ कमी होत नाही आणि पहिले सहा महिने केवळ तेच द्यावं, हा सल्ला तसूभरही बदललेला नाही. जिथे वरचं दूध द्यावंच लागतं तिथे वाटी-चमचा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांनाही नवजात कक्षांत वाटी-चमच्याने दूध देतात, कारण वाटी बाटलीपेक्षा घासून स्वच्छ ठेवायला सोपी असते. आपल्याकडे बोंडलं होतंच. तोटी असलेलं ते छोटंसं भांडं आता दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवतात, पण त्यामागची कल्पना आजही कामाची आहे. जुनं ते सगळं निर्मळ, असं मात्र मी म्हणणार नाही. पितळी भांड्याच्या कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं, सुरम्यात तर ते थेट असतं, आणि बाळाच्या डोळ्यांत काजळ-सुरमा घालण्याची हौस प्लास्टिकच्या बाटलीहूनही अधिक घातक ठरू शकते. चांगल्या स्टीलची साधी वाटी पुरेशी आहे.

थॅलेट या दुसऱ्या कुळाबद्दल थोडं बोलायला हवं. पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असतं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. ते प्लास्टिकच्या रेणूंना जोडलेले नसतात, नुसते मधे अडकलेले असतात, म्हणून चावल्याने, चोखल्याने आणि स्निग्ध पदार्थाच्या संपर्काने सुटे होतात. त्यांतले काही थॅलेट पुरुष-संप्रेरकाच्या कामात अडथळा आणतात, हे प्राण्यांवरच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. खेळण्यांच्या बाबतीत आपल्या देशाने इथे खरंच पाऊल टाकलं. भारतीय गुणवत्ता परिषदेने 2019 साली आयात खेळणी तपासली तेव्हा त्यांतली सुमारे 67 टक्के नापास झाली. पुढे 2020चा खेळणी गुणवत्ता आदेश आला आणि 1 जानेवारी 2021पासून मानक चिन्हाशिवाय खेळणी विकणं बेकायदा ठरलं. आधी तपासणी, मग आकडा जाहीर, मग सक्ती, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण सक्तीला बळ मिळालं ते जाहीर झालेल्या आकड्यातून.

पण थॅलेटचा सर्वांत मोठा भार खेळण्यातून येत नाही. तो येतो नवजात अतिदक्षता कक्षात, जिथे किलो-दीड किलोच्या बाळाला आठवडेच्या आठवडे नळ्यांवर ठेवावं लागतं. सलाइनच्या, श्वासाच्या, दूध देण्याच्या नळ्या मऊ पीव्हीसीच्या असतात आणि त्यात डीईएचपी नावाचं थॅलेट असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2002 सालीच सूचना काढून नवजात मुलग्यांसाठी शक्य तिथे डीईएचपी-रहित साधनं वापरावीत असं रुग्णालयांना सुचवलं होतं. या नळ्या बाळाचा जीव वाचवतात, त्यामुळे पर्याय हाताशी नसेल तर त्या वापरायलाच हव्यात, यात दुमत नाही. रक्ताच्या पिशवीचं उदाहरण तर बोलकं आहे. तिथे डीईएचपी लाल पेशींना टिकवून धरायला मदत करतं, म्हणून ते बदलणं जगभर अवघड जात आहे. पण दूध देण्याची नळी ही रक्ताची पिशवी नाही. तिला पर्याय आहेत. 2017च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार कमी जोखमीच्या उपकरणांचे उत्पादन परवाने राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मिळतात, आणि सरकारी रुग्णालयांची खरेदी तर राज्यच करतं. निविदेतली एक ओळ इथे शंभर जनजागृती मेळाव्यांचं काम करेल.

लहान उद्योजकांची बाजूही मला दिसते. साचे घालून प्लास्टिकच्या वस्तू बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना प्रत्येक खेपेची चाचणी परवडणार नाही, असं ते म्हणतील. ती मागणी त्यांच्याकडे करूच नये. कच्चं दाणेदार प्लास्टिक कोणत्या प्रतीचं, कोणाकडून घेतलं आणि त्यात भंगारातलं मिसळलं का, एवढी नोंद त्यांनी ठेवावी. चाचणी प्रशासनाने बाजारातून नमुने उचलून करावी. प्रामाणिक कारखानदाराचा यात तोटा नाही. भंगारातलं प्लास्टिक वितळवून त्याच्या निम्म्या किमतीत बाटली विकणारा आज त्याला बाजारातून हुसकावतो आहे. चाचणीची सोय नाही, असं निदान महाराष्ट्राने तरी म्हणू नये. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला प्लास्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था आहे. पॉलिमरचं इतकं ज्ञान फार थोड्या राज्यांच्या वाट्याला आलं असेल.

आणि राज्याची इच्छाशक्ती? 2018 साली याच राज्याने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि भाजीवाल्यापासून मिठाईवाल्यापर्यंत दंडाच्या पावत्या फाडल्या. त्या बंदीच्या अंमलबजावणीबद्दल मतं काहीही असोत, पिशवी मोजायला माणसं सापडली होती. जे प्लास्टिक गटारात जातं त्याच्यासाठी माणसं मिळाली, तर जे बाळाच्या तोंडात जातं त्याच्यासाठीही ती मिळायला हवीत.

म्हणून माझी मागणी मर्यादित ठेवतो. दर वर्षी राज्याच्या प्रत्येक विभागातून, शहरातल्या मॉलमधून, तालुक्याच्या दुकानातून, आठवडी बाजारातून आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून, बाळाच्या बाटल्या, पेले, ताटल्या आणि चमचे विकत घ्यावेत. त्यांची चाचणी बिस्फेनॉल एपुरती न ठेवता एस आणि एफसाठी आणि थॅलेटसाठीही व्हावी, आणि ती 70 अंशांच्या पाण्याने, पन्नासएक वेळा उकळून झिजवलेल्या वस्तूवर व्हावी, कारण बाळ कोरी बाटली एकदाच वापरत नाही. निकाल उत्पादकाच्या नावासह प्रशासनाच्या संकेतस्थळावर मराठीत लावावेत, उत्तीर्ण झालेल्यांचेसुद्धा. नापास वस्तूंविरुद्ध 1992च्या कायद्याखाली जप्ती व्हावी, आणि पेला-ताटलीला बाटलीचंच मानक लावावं अशी लेखी शिफारस आपण मानक ब्युरोला करावी. सार्वजनिक आरोग्य विभागाशी बोलून निवल्यावर ओतण्याची, विसळण्याची ती पाच वाक्यं माता-बाल संरक्षण कार्डात घालावीत. आशाताई आणि अंगणवाडीताई ती घराघरांत पोचवतील, त्यांनी याहून अवघड गोष्टी पोचवल्या आहेत.

यातल्या पहिल्या कामासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळात चर्चा लागत नाही. नमुने उचलण्याचा एक आदेश आणि प्रयोगशाळेशी एक करार लागतो. तो आदेश निघाला की त्याची तारीख आणि उचललेल्या नमुन्यांची संख्या आपण जाहीर करावी, अशी विनंती आहे. निकालांची आम्ही वाट पाहू.

आपला,
एक नागरिक